बुद्धीला बंदी? ख्रिस्ती धर्मावरच्या एका लाडक्या आरोपाचा प्रतिवाद

एक मजकूर थोड्याफार फरकाने मराठी समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. कधी तो विवेकवादी मंडळींच्या गटात दिसतो, कधी धर्माभिमान्यांच्या, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे त्याला सारखीच वाहवा मिळते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ख्रिस्ती धर्माने श्रद्धा आणि बुद्धी यांच्यात पहिल्यापासून वैर मांडलं. ‘हे अशक्य आहे, म्हणूनच मी मानतो’ असं त्यांचा संत टर्टुलियन सांगून गेला. पुरावा मागणाऱ्या थॉमस या शिष्याला खुद्द येशूने फटकारलं. पुढे चर्चने हजार वर्षं युरोपला अंधारात ठेवलं, पृथ्वी सपाट आहे असं शिकवलं, हायपेशियाला मारून अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय जाळलं, ब्रूनोला विज्ञानासाठी जिवंत जाळलं, गॅलिलिओचा अंधारकोठडीत छळ केला. ल्यूथरने तर बुद्धीला सैतानाची वेश्या म्हटलं. तात्पर्य, ख्रिस्ती व्हायचं तर बुद्धी गहाण ठेवावी लागते.

मी ख्रिस्ती नाही आणि चर्चचं वकीलपत्र घ्यायची मला हौसही नाही. पण यातले काही आरोप खरे आहेत, काही अर्धे आणि काही निखालस खोटे. खोट्यांच्या गर्दीत खरा आरोप दिसेनासा होतो, ही माझी तक्रार. चर्चने विचार केला नाही असं नाही, भरपूर केला. ज्याचा विचार आपल्यापेक्षा वेगळा निघाला त्याच्यावर सत्ता चालवली, हा त्याचा खरा गुन्हा. आता एकेक मुद्दा घेऊ.

‘अशक्य आहे, म्हणूनच मी मानतो’

हे वाक्य टर्टुलियनच्या उपलब्ध लेखनात कुठेही सापडत नाही. तो संतही नाही. इ.स. 200च्या आसपास कार्थेजमध्ये, म्हणजे आजच्या ट्युनिशियात, लिहिणारा हा तिखट लेखणीचा माणूस उत्तरार्धात मोंटॅनसच्या पंथाकडे झुकला. तो पंथ मुख्य चर्चने पाखंडी ठरवला होता. त्यामुळे टर्टुलियनला संतपद कधी मिळालं नाही.

त्याने लिहिलं ते वेगळंच आहे. मार्सियन नावाच्या प्रतिपक्ष्याचं म्हणणं होतं की ख्रिस्ताचा देह खरा रक्तामांसाचा नव्हताच, तो नुसता भास होता. बाईच्या पोटी जन्म घेणं आणि क्रूसावर मरणं देवाला शोभत नाही. त्यावर टर्टुलियन उत्तर देतो: देवाचा पुत्र मेला, हे विश्वासार्ह आहे, कारण ते विजोड आहे, पुरल्यावर तो उठला, हे निश्चित आहे, कारण ते अशक्य आहे. संदर्भ तोडून वाचलं तर हे वेडगळ वाटतं. पण क्रूसाची शिक्षा रोमन जगात गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी होती. कुणाला देव रचायचाच असता, तर त्याने असा लाजिरवाणा देव कशाला रचला असता? ज्या अर्थी इतकी अडचणीची गोष्ट लोक सांगतात, त्या अर्थी ती घडली असावी, असा हा डाव आहे. अगदी असंभाव्य वाटणारी गोष्ट लोक मानत असतील तर तिच्यात तथ्य असण्याचा संभव वाढतो, हा युक्तिवाद अ‍ॅरिस्टॉटलच्या वक्तृत्वशास्त्रात नोंदलेला आहे. टर्टुलियन वक्तृत्व शिकलेला माणूस होता आणि त्याने तोच मोहरा पुढे सरकवला, असं काही अभ्यासक म्हणतात. मला स्वतःला हा युक्तिवाद पटत नाही. माणसं लाजिरवाण्या गोष्टीही रचतात. पण न पटणारा युक्तिवाद वेगळा आणि युक्तिवादाला नकार वेगळा.

‘अथेन्सचा जेरुसलेमशी काय संबंध?’ हा प्रश्न मात्र टर्टुलियनचाच, आणि त्यातला तत्त्वज्ञानाविषयीचा तिटकारा खरा आहे. मजकूर लिहिणाऱ्याने हे वाक्य घेतलं असतं तर निदान जमिनीवर उभं राहता आलं असतं. तरीही हाच माणूस आत्म्याविषयी लिहिताना स्टोइक तत्त्वज्ञांकडून मुबलक उसनवारी करतो, त्यांच्यातल्या सेनेकाला ‘पुष्कळदा आपलाच’ म्हणतो, आणि पश्चात्तापावरच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच बुद्धी ही देवाची वस्तू आहे, कारण देवाने कोणतीही गोष्ट बुद्धीशिवाय योजलेली नाही, असं लिहितो.

शिवाय त्या पहिल्या दोन शतकांत एकटा टर्टुलियनच बोलत होता का? त्याच्या आधी रोममध्ये जस्टिन होऊन गेला. तो ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्ववेत्त्याचा झगा घालून फिरे. बुद्धीला धरून जगलेले सगळे, सॉक्रेटिस आणि हेराक्लिटससुद्धा, ख्रिस्तीच होते असं त्याने लिहून ठेवलं. 165च्या सुमारास त्याला श्रद्धेपायी मृत्युदंड झाला, आणि त्याला चर्चने संत मानलं. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटचं मत होतं की ज्यूंना जसं नियमशास्त्र, तसं ग्रीकांना तत्त्वज्ञान देवाने दिलं. म्हणजे घरात पहिल्यापासून दोन आवाज होते, आणि पुढे वर्चस्व मिळालं ते जस्टिन-क्लेमेंटच्या बाजूच्या आवाजाला.

‘पुरावा मागितला म्हणून थॉमसला फटकारलं’

योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय उघडून वाचावा. क्रूसावर मेलेला येशू पुन्हा उठला हे खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय, कुशीत हात घातल्याशिवाय मी मानणार नाही, असं थॉमस म्हणतो. येशू काय करतो? आठ दिवसांनी येतो आणि म्हणतो, हे माझे हात, घाल बोट. आधी पुरावा पुढे करतो, मग न पाहता विश्वास ठेवणारे धन्य असं म्हणतो. पुढच्याच ओळींत लेखक सांगतो की ही चिन्हं तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून लिहिली आहेत. न पाहणाऱ्यांना इथे पाहणाऱ्यांच्या साक्षीवर विसंबायला सांगितलं आहे.

आरंभीचा धर्मप्रचारक पौल तर याहून धीट. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो साक्षीदारांची यादीच देतो, एका वेळी पाचशेहून अधिक जणांनी पाहिलं असं म्हणतो आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत असंही जोडतो. मग म्हणतो, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. आपला अख्खा धर्म एका घटनेच्या खरेपणावर पणाला लावणारं हे वाक्य आहे. ती साक्ष पुरेशी आहे का, हा वेगळा वाद, आणि माझ्या मते ती पुरेशी नाही. मात्र ‘पुरावा विचारू नका’ असं पौल म्हणत नाही. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात जगाच्या ज्ञानाला देवाने मूर्खपण ठरवलं, असंही तो लिहितो. ही ओढाताण मूळ ग्रंथातच आहे, आणि दोन हजार वर्षांचं भांडण तिच्यातूनच निघालं आहे.

‘हजार वर्षांचा अंधार’

पाचव्या शतकात पश्चिम रोमन साम्राज्य कोसळलं. शहरं ओस पडली, व्यापार आटला, शाळा बंद पडल्या. लॅटिन ग्रंथांच्या ज्या प्रती आज उरल्या आहेत त्यांतल्या बहुतेक मठांतल्या नकलनविसांनी उतरवलेल्या आहेत. पूर्वेला कॉन्स्टँटिनोपलमध्ये तर ग्रीक वाचणं कधी थांबलंच नाही. एवढं सांगून पुढे जातो, कारण खरा मजेचा भाग अकराव्या शतकानंतरचा आहे.

1077-78च्या सुमारास नॉर्मंडीतल्या बेक मठात अ‍ॅन्सेल्म नावाच्या संन्याशाने एक छोटं पुस्तक लिहिलं. ‘समज शोधणारी श्रद्धा’ हे त्याचं सूत्र. त्यात बायबलमधला एकही दाखला पुरावा म्हणून न वापरता, निव्वळ तर्काने देवाचं अस्तित्व सिद्ध करायचा प्रयत्न आहे. ज्याच्याहून मोठ्याची कल्पनाच करता येत नाही तो देव. तो केवळ मनात असेल तर त्याच्याहून मोठा, म्हणजे प्रत्यक्षात असलेला, कल्पिता येईल. म्हणून तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे. हे वाचून मार्मूतिये मठातला गॉनिलो नावाचा दुसरा एक संन्यासी उठला आणि त्याने ‘देव नाही’ म्हणणाऱ्या मूर्खाच्या वतीने उत्तर लिहिलं. सर्वोत्तम बेटाची कल्पना केली म्हणून ते बेट समुद्रात असलंच पाहिजे का? आक्षेप जबर होता. अ‍ॅन्सेल्मने त्याला लेखी उत्तर दिलं, आणि यापुढे आपल्या पुस्तकाची नक्कल करताना गॉनिलोचा आक्षेप आणि आपलं उत्तर दोन्ही सोबत उतरवावीत असं सांगितलं. आपल्या ग्रंथाला स्वतःच्या हाताने विरोधकाचं खंडन जोडणारा लेखक आजही विरळाच.

पुढच्या दोन शतकांत बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड इथे विद्यापीठं उभी राहिली आणि वाद हीच शिकवण्याची रीत झाली. थॉमस अक्वायनसच्या (1225-1274) प्रचंड ग्रंथाचं कुठलंही पान उघडा. प्रत्येक प्रश्नाची सुरुवात पूर्वपक्षाने, म्हणजे विरुद्ध मताने होते: ‘असं दिसतं, की तसं नाही’. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांची सवय असलेल्या वाचकाला ही मांडणी घरचीच वाटेल. ‘देव आहे का?’ या प्रश्नातला पूर्वपक्ष आजचा नास्तिकही आनंदाने वापरेल: जगात दुःख आहे, म्हणून अनंत चांगुलपणाचा देव नाही, शिवाय निसर्गातलं सगळं निसर्गाच्याच कारणांनी समजावता येतं, मग देव मानायची गरज काय? अक्वायनसचे आधार कोण, तर ग्रीक अ‍ॅरिस्टॉटल, मुसलमान इब्न सीना आणि इब्न रुश्द, ज्यू मायमोनिडीझ. कृपा निसर्गाला नष्ट करत नाही, पूर्णत्वाला नेते, हे त्याचं वाक्य. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण, मात्र बुद्धीने सिद्ध होत नाही असं तो स्पष्ट सांगतो, आणि लंगड्या युक्तिवादांनी ते सिद्ध करायला जाणारा माणूस श्रद्धेला हास्यास्पद करतो असंही बजावतो.

हे सगळं गुण्यागोविंदाने झालं असं मात्र नाही. पॅरिसमध्ये 1210 आणि 1215 साली अ‍ॅरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ शिकवायला बंदी होती. 1255पर्यंत तेच ग्रंथ तिथे अभ्यासक्रमात सक्तीचे झाले. 1277 साली पॅरिसच्या बिशपने 219 विधानं निषिद्ध ठरवली, आणि त्यांतली काही अक्वायनसच्या मतांच्या अंगाला लागून जाणारी होती. 1323 साली अक्वायनस संत झाला, आणि दोन वर्षांनी त्याला लागू होणारा तेवढा निषेध मागे घेतला गेला. बंदी घालणारेही चर्चचे आणि बंदी मोडून वाचणारेही चर्चचेच.

आणि अबेलार. शंकेतून चौकशीकडे, चौकशीतून सत्याकडे, असं म्हणणाऱ्या या पॅरिसच्या गुरूने 158 प्रश्न घेऊन प्रत्येकावर धर्मपित्यांची एकमेकांच्या विरोधात जाणारी वचनं शेजारी शेजारी मांडली, आणि मेळ घालायचं काम वाचकावर सोपवलं. 1121 साली सोइसाँच्या सभेत त्याला स्वतःचं पुस्तक स्वतःच्या हाताने आगीत टाकावं लागलं. वीसेक वर्षांनी साँसच्या सभेत त्याची मतं पुन्हा दोषी ठरली. त्याच्यावर तुटून पडलेला क्लेअरव्होचा बर्नार्ड संत झाला. त्याला शेवटी आसरा देणारा क्लूनीचा मठाधिपती पीटरही चर्चचाच माणूस. आरोप करायचा असेल तर ही घटना घ्या. ती खरी आहे.

‘चर्चने पृथ्वी सपाट शिकवली’

या मुद्द्याचा आपल्या कल्याणशी संबंध आहे, म्हणून थोडं थांबतो. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी, पुढे संन्यासी, एक पुस्तक लिहून गेला. त्यात ‘कल्लियाना’ या बंदरात ख्रिस्ती लोक आहेत आणि पर्शियातून नेमलेला त्यांचा बिशप आहे, अशी नोंद आहे. हे कल्लियाना म्हणजे ठाणे जिल्ह्यातलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती वस्तीची ही फार जुनी नोंद. आणि हाच कॉस्मस पृथ्वी सपाट असल्याचं ठासून सांगणाऱ्या मोजक्या ख्रिस्ती लेखकांपैकी एक! विश्व हे बायबलमधल्या निवासमंडपासारखं पेटीच्या आकाराचं आहे, असं त्याचं मत. दुसरा ठळक नमुना चौथ्या शतकाच्या सुरुवातीचा लॅक्टॅन्शियस. त्याला डोकं खाली करून चालणारी माणसं ही कल्पनाच हास्यास्पद वाटली.

पण कॉस्मसला त्याच्याच धर्माच्या लोकांनी मोजलं नाही. त्याच शहरातला त्याचा समकालीन जॉन फिलोपोनस हा ख्रिस्ती तत्त्वज्ञ गोल विश्वाच्या बाजूने लिहीत होता. जड आणि हलकी वस्तू एकाच उंचीवरून सोडली तर त्यांच्या पडण्याच्या वेळात अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो तेवढा फरक दिसत नाही, हेही याच फिलोपोनसने नोंदवलं, गॅलिलिओच्या हजार वर्षं आधी. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या फोटियसने कॉस्मसची खिल्ली उडवली. इंग्लंडातल्या बीडने 725 साली लिहिलं की पृथ्वी ढालीसारखी नुसती वाटोळी नाही, सगळीकडून चेंडूसारखी गोल आहे. अक्वायनसच्या महाग्रंथाच्या पहिल्याच प्रश्नात पृथ्वीचा गोलपणा उदाहरण म्हणून येतो: खगोलशास्त्री तो एका रीतीने सिद्ध करतो, निसर्गशास्त्री दुसऱ्या. सर्वमान्य गोष्टीचंच उदाहरण देतात. कोलंबसच्या वेळी वाद होता तो पृथ्वीच्या आकारमानाचा, आणि त्यात चुकत होता कोलंबस. तो पृथ्वी फार लहान धरत होता. सपाट पृथ्वीवाल्या पाद्र्यांशी त्याने झुंज दिली ही गोष्ट 1828 साली वॉशिंग्टन अर्व्हिंगने रंगवलेल्या चरित्रामुळे घरोघर पोचली.

‘हायपेशिया आणि जाळलेलं ग्रंथालय’

हायपेशियाचा खून खरा आहे आणि तो करणारा जमाव ख्रिस्ती होता. 415 साली अलेक्झांड्रियात या गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ स्त्रीला रथातून ओढून चर्चमध्ये नेलं आणि तिची अमानुष हत्या केली. यात सारवासारव करायला जागा नाही. पण ती बुद्धिवादी होती म्हणून मारली गेली का? शहरात बिशप सिरिल आणि रोमन सुभेदार ओरेस्टीस यांची सत्तेसाठी जुंपली होती. ओरेस्टीसही ख्रिस्तीच. हायपेशिया त्याची सल्लागार मानली जाई, आणि तीच दोघांचा समेट होऊ देत नाही अशी आवई उठली. हे आपल्याला कळतं ते सॉक्रेटीस स्कोलॅस्टिकस या ख्रिस्ती इतिहासकाराकडून, आणि या कृत्याने सिरिलला आणि तिथल्या चर्चला मोठा कलंक लागला असं तोच लिहितो. तिचा लाडका शिष्य सायनेसियस स्वतः बिशप झाला. त्याने तिला लिहिलेली आदराने ओथंबलेली पत्रं आजही वाचता येतात.

ग्रंथालयाचा या खुनाशी संबंध नाही. इ.स.पू. 48 मध्ये सीझरच्या वेढ्यात आग लागली, पुढच्या शतकांत आणखी पडझड झाली. 391च्या सुमारास ख्रिस्ती जमावाने सेरापिस देवाचं मंदिर उद्ध्वस्त केलं, हे खरं. तिथे एके काळी पुस्तकं होती, पण त्या दिवशी पुस्तकं जाळल्याचं त्या काळच्या वृत्तांतांत नाही.

‘ब्रूनो आणि गॅलिलिओ’

ब्रूनोला 17 फेब्रुवारी 1600 रोजी रोमच्या काम्पो दे फ्योरी चौकात जिवंत जाळलं. त्याच्यावरच्या आरोपांत असंख्य जगं असल्याचं मतही होतं, पण त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व, प्रभुभोजनातली भाकर यांविषयीची मतं जास्त जड होती. तो विज्ञानाचा हुतात्मा कमी आणि स्वैर तत्त्वचिंतनाचा अधिक. यामुळे जाळणाऱ्यांचा गुन्हा तसूभरही हलका होत नाही.

गॅलिलिओला अंधारकोठडीत टाकलं नव्हतं, आणि त्याचा प्रत्यक्ष शारीरिक छळही झाला नाही. छळाची औपचारिक धमकी दिली गेली. 22 जून 1633 रोजी, वयाच्या 69व्या वर्षी, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे स्वतःचं मत सोडल्याची शपथ गुडघे टेकून त्याला घ्यावी लागली. 1642 साली मरेपर्यंत तो नजरकैदेत होता, बहुतेक काळ फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्रीतल्या आपल्या घरी. ‘तरी ती फिरतेच’ हे उद्गार मागाहून चिकटवलेले आहेत.

पण फिरत्या मजकुरातून निसटलेली गोष्ट अशी, की 1615 साली वादाच्या दोन्ही बाजू एकच तत्त्व मानत होत्या. त्याच्या सुमारे बाराशे वर्षं आधी संत ऑगस्टीनने बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना ताकीद दिली होती: आकाश, तारे, ग्रहणं यांविषयी बिगर ख्रिस्ती माणसालाही बुद्धीने आणि अनुभवाने पुष्कळ काही पक्कं ठाऊक असतं, त्या विषयांवर बायबलच्या नावाने ख्रिस्ती माणूस बरळायला लागला तर ती लाजेची गोष्ट. गॅलिलिओने डचेस क्रिस्टिनाला लिहिलेल्या लांबलचक पत्रात हाच ऑगस्टीन पानोपानी उद्धृत केला. समोरच्या बाजूला कार्डिनल बेलार्मिन. त्याचं लेखी म्हणणं असं: पृथ्वी फिरते याचा खरा सिद्धान्त दिला गेला, तर बायबलमधल्या वचनांचा अर्थ फार जपून लावावा लागेल, आणि आपल्याला ती समजली नाहीत असं म्हणणं बरं, पण असा सिद्धान्त मला कुणी दाखवलेला नाही.

आणि तो खरोखर नव्हता. सगळं पृथ्वीभोवती फिरतं ही टॉलेमीची व्यवस्था शुक्राच्या कलांनी मोडली होती, टायको ब्राहेची नाही. त्या व्यवस्थेत ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती फिरत. गॅलिलिओ ज्याला आपला हुकमी पुरावा समजत होता तो भरती-ओहोटीचा युक्तिवाद चुकीचा निघाला. पृथ्वी फिरत असल्याने ताऱ्यांच्या जागेत दिसायला हवा तो सूक्ष्म फरक बेसेलने मोजला थेट 1838 साली.

मग चर्च बरोबर होतं? मुळीच नाही. बेलार्मिनचं तत्त्व बरं होतं, पण 1616 साली चर्चच्याच सल्लागारांनी ते धाब्यावर बसवलं. पुरावा पुढेमागे येऊ शकेल याची वाट न पाहता त्यांनी सूर्यकेंद्री मत तत्त्वज्ञानदृष्ट्या मूर्खपणाचं आणि सरळ सरळ पाखंडी ठरवलं. पुढे 1632च्या पुस्तकात गॅलिलिओने पोप अर्बनचा आवडता युक्तिवाद सिंप्लिचिओ नावाच्या भोळसट पात्राच्या तोंडी घातला. एके काळी गॅलिलिओवर स्तुतीपर कविता रचणारा हा पोप बिथरला. एखाद्याचा पुरावा अपुरा असेल तर त्याला अपुरा म्हणा. त्याचं तोंड बांधायचा अधिकार त्यातून मिळत नाही. निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून ते पुस्तक वगळायला 1835 उजाडावं लागलं.

खरा आरोप तो हा, आणि तो समजायला आपल्याला इटलीपर्यंत जायची गरज नाही. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, 1560 साली सुरू झालं आणि मधला थोडा खंड सोडला तर 1812पर्यंत चाललं. त्याच गोव्यात 1616 साली, गॅलिलिओला पहिली ताकीद मिळाली त्याच वर्षी, थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं क्रिस्तपुराण छापून झालं. मराठी ओवीतलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. आमच्या जुन्या पोथ्या तुम्ही बंद केल्या, तर त्यांच्या जागी दुसरं पुराण का देत नाही, असा प्रश्न त्यात साष्टीतला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो. त्या प्रश्नाला हे पुराण म्हणजे उत्तर. प्रश्न विचारू दिला, उत्तरही सुरेख दिलं, आणि मुळातल्या पोथ्या मात्र बंदच राहिल्या. चर्च आणि बुद्धी यांचं नातं याहून नेमकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

ल्यूथर

1546 साली, मरणाच्या महिनाभर आधी दिलेल्या प्रवचनात प्रोटेस्टंट बंडाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने बुद्धीला सैतानाची वेश्या म्हटलं, हे खरं. त्याची जीभ सगळ्यांवरच तशी चाले. 1521 साली वोर्म्सला सम्राटासमोर मात्र तो म्हणाला होता की शास्त्रवचनाने किंवा स्पष्ट बुद्धीने मला पटवलं नाही तर मी माघार घेणार नाही. आणि 1536च्या एका वादसभेसाठी लिहिलेल्या विधानांत त्याने बुद्धीला सगळ्या गोष्टींत श्रेष्ठ, जवळजवळ दैवी म्हटलं. ऐहिक व्यवहारात बुद्धी राणी, तारणाच्या प्रश्नात तिने लुडबुड करू नये, ही त्याची विभागणी. मला ती पटत नाही. पण अर्धं वाक्य उचलून आख्ख्या माणसाचा निकाल लावणं ही बुद्धीची सेवा नव्हे.

‘म्हणून आजही बुद्धी गहाण’

इथे कॅथलिक चर्चचा एक मासला सांगायलाच हवा. स्त्रासबुर्गचा पाद्री-प्राध्यापक लुई बोतँ शिकवू लागला की देवाचं अस्तित्व बुद्धीने सिद्ध होत नाही, ते श्रद्धेनेच कळतं. चर्चने काय केलं? 1840 साली त्याच्याकडून सही घेतली की बुद्धीने देवाचं अस्तित्व निश्चितपणे सिद्ध करता येतं! 1870च्या व्हॅटिकन परिषदेने तर तसं न मानणाऱ्याला बहिष्कृत ठरवणारं कलमच केलं. बुद्धीवर विश्वास ठेवा, नाहीतर चर्चबाहेर व्हा. आंधळ्या श्रद्धेचा आरोप या संस्थेवर करणाऱ्याने निदान हे वाचून हसून तरी घ्यावं. हसून झाल्यावर लक्षात येतं की गोव्यातलीच गोष्ट इथेही आहे: निष्कर्ष हुकमाने ठरतो, मग तो बुद्धीच्या बाजूचा का असेना.

शास्त्रज्ञ पाद्र्यांच्या याद्या मी देणार नाही. मेंडेल मठाधिपती होता म्हणून मठवास वैज्ञानिक ठरत नाही. एकच उदाहरण घेतो, कारण त्यात सीमारेषा दिसते. विश्व प्रसरण पावतं असं 1927 साली मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियन पाद्री. 1951 साली पोप बारावे पायस यांनी भाषणात विश्वाच्या त्या आरंभाचा संबंध बायबलमधल्या निर्मितीशी जोडला, तेव्हा लमेत्रला ते रुचलं नाही. आपला सिद्धान्त धर्माच्या आणि अतिभौतिकाच्या प्रश्नांपलीकडे राहावा, आस्तिक-नास्तिक दोघांनाही मोकळीक असावी, ही त्याची भूमिका.

उत्क्रांतीला विरोध करणारे ख्रिस्ती आहेत, अमेरिकेत तर पुष्कळ. 2005 साली पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळेत ‘बुद्धिमान रचने’चा, म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान शक्तीने रचले हा, सिद्धान्त घुसवण्याविरुद्ध खटला चालला. उत्क्रांतीच्या बाजूने पहिला साक्षीदार होता केनेथ मिलर, चर्चला जाणारा कॅथलिक जीवशास्त्रज्ञ. भांडण ख्रिस्ती आणि बुद्धी यांच्यात नव्हतं, ख्रिस्ती लोकांच्या आपापसात होतं.

आणि आपल्याकडे पंडिता रमाबाई. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी त्रैक्यावर, चमत्कारांवर, चर्चच्या अधिकारावर प्रश्नांमागून प्रश्न उभे केले. त्यांना बाप्तिस्म्यापर्यंत आणणाऱ्या सिस्टर जेराल्डिनना हा गर्व वाटला. रमाबाईंनी उलट लिहिलं की भारतातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, तसलंच दुसरं घ्यायची माझी तयारी नाही. पुढे त्यांची मतं बदलली, त्या जास्त भाविक झाल्या, आणि तो प्रवास त्यांनी स्वतःच लिहून ठेवला. बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत हवं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनात मुळातून भाषांतर करत राहिल्या. 1922 साली त्या वारल्या आणि 1924 साली ते छापून आलं. जी बाई श्रद्धा ठेवल्यावरसुद्धा दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबायला तयार नव्हती, तिने कोणाकडे काय गहाण ठेवलं होतं, ते मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी सांगावं.